शाळेपासून तुटत चाललेल्या मुलांसोबत चित्रकाम: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

हा लेख साधारण १२ ते १६ वयाच्या मुलांसोबत काम करू पाहणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही कलाशिक्षक असाल, समुपदेशक असाल, किंवा "आमच्या काही मुलांसाठी काहीतरी करा" म्हणून शाळेने बोलावलेले चित्रकार. या मुलांचं नाव पटावर असतं, मन वर्गात नसतं. कुणी वरचेवर दांडी मारतं. कुणी रोज येतं आणि रोज वर्गाबाहेर काढलं जातं. आणि कुणी शेवटच्या बाकावर इतकं गप्प बसतं, की ते काहीच करत नाही हे महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही. या तिसऱ्या प्रकारच्या मुलांची नावं शाळा आपण होऊन देत नाही. ती मागून घ्यावी लागतात.

इथे मुलांना चित्रकला शिकवायची नसते आणि त्यांच्यावर उपचारही करायचे नसतात. कलोपचार हे त्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्यांचं काम आहे, त्यात हात घालू नये. आपण द्यायचा तो एकच अनुभव: स्वतः ठरवलेलं काम, मधे बिघडलं तरी सावरून, शेवटाला नेणं. या मुलांची शाळेतली बहुतेक कामं अर्धवट राहिलेली असतात. तास संपला, वाचताना अडलं, कुणी हसलं, बाहेर काढलं, घरी धाकट्या भावंडाला सांभाळायला थांबावं लागलं.

म्हणून आखणीचा नियम असा ठेवा: काय काढायचं आणि कसं दिसायला हवं हे मुलाच्या हातात, वेळ, कागदाचा आकार आणि साहित्य तुमच्या हातात. याची उलटापालट झाली की वर्ग फसतो. "हवं ते काढा" म्हणून मोठा कोरा कागद पुढे टाकला तर मुलं गोठतात, कारण आपल्याला काही येत नाही हे सिद्ध व्हायला एवढी मोठी जागा त्यांना नकोच असते. आणि "सगळ्यांनी हेच काढा" म्हटलं, तर तो त्यांच्यासाठी आणखी एक शाळेचा तास ठरतो.

शाळेशी आधी ठरवून घ्यायचं

गट सहा मुलांचा ठेवा, फार तर आठ. खोलीत दोन मोठी माणसं हवीतच. एक जण काम दाखवत असताना दुसऱ्याला उठून बाहेर गेलेल्या मुलामागे जाता आलं पाहिजे. तास ९० मिनिटांचा असावा. आठवड्यातून एकदा असे १२ आठवडे ही नेहमीची पद्धत, पण गटात वरचेवर गैरहजर राहणारी मुलं जास्त असतील तर आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे हे जास्त बरं. आठवड्याला एकच तास असला आणि तो चुकला, की सलग १४ दिवसांचा खाडा पडतो आणि मूल परत यायला लाजतं.

मुलांना कोणत्या तासातून काढायचं हे बारकाईने पाहा. खेळाच्या तासातून काढलेलं मूल तुमच्यावर पहिल्याच दिवशी डूख धरून येतं. दर वेळी गणितच बुडवलं तर बारा आठवड्यांनी मागे पडलेला अभ्यास आणखी मागे पडलेला असतो. तास फिरते ठेवा आणि तुमच्या वर्गानंतर लगेच चाचणी येणार नाही एवढं पाहा.

खालच्या गोष्टी शाळेकडून लेखी घ्या. तोंडी ठरलेलं तिसऱ्या आठवड्यात विसरलं जातं.

- हा वर्ग शिक्षा म्हणून बंद करायचा नाही आणि बक्षीस म्हणूनही द्यायचा नाही. मुलाने सकाळी मारामारी केली असली तरी ते दुपारी इथे येणार. शाळांना हे सगळ्यात जड जातं आणि वर्ग सगळ्यात जास्त इथेच मोडतात.
- या वेळेची गैरहजेरी त्या-त्या विषयाच्या पटावर "गैरहजर" अशी लागणार नाही.
- पाहणीला म्हणून कुणी दारातून डोकावणार नाही. यायचं तर बसून काम करायचं.
- मुलाच्या सुरक्षिततेबद्दल काही कळलं तर त्याच दिवशी कुणाला सांगायचं, त्या व्यक्तीचं नाव.

शाळेकडून प्रत्येक मुलाची एक पान माहिती पुरते: ॲलर्जी, झटके किंवा औषधं, कशाने बिथरतं, शाळेत कुणाशी बोलतं, स्वतःला इजा करून घेतल्याचा पूर्वेतिहास. गुन्ह्यांची यादी मागू नका आणि दिली तर वाचू नका. डोळे आणि कान तपासलेत का, हे मात्र जरूर विचारा. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून वर्षभर दंगा करणारी मुलं असतात, आणि अशांना रंगांच्या आधी चष्मा लागतो.

खोली आणि साहित्य

पाण्याचा नळ असलेली खोली मिळवा. टेबलं अशी लावा की कुणाची पाठ दाराकडे होणार नाही. सतत सावध राहणारी मुलं पाठीमागे दार असेल तर अर्धा वेळ मान वळवण्यात घालवतात. उभ्याने काम करता येईल असं एक उंच टेबल असू द्या. एक कोपरा काहीच न करण्यासाठी मोकळा ठेवा. तिथे जायला परवानगी लागत नाही.

आठ मुलांसाठी साधारण एवढं लागतं: ए३ आकाराचा २०० जीएसएम (कागद किती जड-जाड हे सांगणारं माप) कागद ६० ताव, ठशांसाठी १२० ते १५० जीएसएमचा कागद १०० ताव, साधा ८० जीएसएम ए४ कागद एक रीम, पाण्यात धुतली जाणारी छपाईची काळी शाई ३०० मिली आणि आणखी एक रंग १५० मिली, रबरी रोलर चार, ए४ एवढ्या ॲक्रिलिक शीट चार, कडा घासून बोथट केलेल्या, १५ × २० सेंमीचे लिनोचे (कोरून ठसे काढण्याच्या मऊ शीटचे) तुकडे १२, लिनो कटरचे दांडे पाच आणि त्यांची पाती, बारीक व्ही आणि रुंद यू अशी दोन्ही, बेंचहुक (कोरताना लिनो टेकवायची, टेबलाच्या कडेला अडकणारी फळी) पाच, ट्रेसिंग पेपर, ६बी पेन्सिली, मास्किंग टेप, कात्र्या आणि भरपूर रद्दी.

कागदावर हात आखडता घेऊ नका. पातळ कागद ओला झाला की सुरकुततो, फाटतो, आणि मूल समजतं की आपलंच चुकलं. शिवाय आपल्यासाठी कसलं साहित्य आणलंय, यावरून आपल्याला काय समजलं जातं हे ही मुलं क्षणात ओळखतात. पैसे वाचवायचे तर रंगांची संख्या कमी करा. सोळा रंगांच्या डबीपेक्षा काळा, पांढरा आणि एक रंग यांतून जास्त बरी कामं निघतात, कारण सगळं एकमेकांत मिसळून तपकिरी चिखल व्हायचा धोकाच राहत नाही.

पहिला तास

हजेरी घेऊ नका, ओळख परेड नको, वर्तुळात बसून "आज कसं वाटतंय" नको. मुलं येतील तेव्हा टेबलावर कागद, पेन आणि शाई मांडलेली असावी आणि तुम्ही स्वतः काहीतरी करत असावं. ९० मिनिटांची विभागणी ढोबळमानाने अशी: पहिली १० मिनिटं स्थिरावण्याची, ५ मिनिटं दाखवण्याची, ५० कामाची, १० पाहण्याची, १५ आवरण्याची. दाखवणं पाच मिनिटांच्या वर गेलं की ते व्याख्यान होतं.

पहिल्या दिवसासाठी रेषेचा मोनोप्रिंट घ्या. यात शाई लावलेल्या शीटवर कागद पालथा ठेवून त्याच्या पाठीवर पेनने काढायचं असतं. रेघ उमटते ती खालच्या बाजूला.

१. शीटवर पाव चमचा शाई घ्या आणि रोलर आधी उभा, मग आडवा फिरवा. रोलरचा चिकट पचपच आवाज येतोय तोवर शाई जास्त आहे. बारीक, कोरडा सरसर आवाज येऊ लागला की थर बरोबर झाला.

२. त्यावर वर्तमानपत्राचा तुकडा हलकेच टेकवून उचला. जास्तीची शाई निघून जाते. ही पायरी गाळली की पहिला ठसा हमखास काळाठिक्कर येतो.

३. ८० जीएसएमचा कागद न दाबता वर ठेवा आणि वरची कड टेपने चिकटवा.

४. बॉलपेनने काढा. तळवा कागदाला टेकवू नका. दोन्ही बाजूंना पुस्तकं ठेवून त्यांवर पट्टी आडवी टाका आणि हात त्या पट्टीवर ठेवा.

५. खालचा कोपरा उचलून पाहा. फिकट वाटलं तर कागद तसाच खाली सोडून त्या जागी पुन्हा रेघ ओढा. टेप असल्यामुळे कागद सरकत नाही.

विषय द्यायचा तो आपलाच डावा हात (डावखुऱ्यांनी उजवा) किंवा पायातला बूट, कागदाकडे न बघता. सगळ्यांचंच वेडंवाकडं येतं, तुमचंही. इथे खोडता येत नाही, काढताना रेघ दिसत नाही, त्यामुळे "मला चित्र येत नाही" या वाक्याला टेकायला जागा उरत नाही. आणि कागद उचलल्यावर रेघेला जी दाणेदार, मऊ कड येते, शाईचे जे ढग पडतात, ते वाकड्या हातालाही शोभून दिसतात. सगळं पाच मिनिटांत हातात. पहिल्या दिवशी जलरंगाचा निसर्ग काढायला लावणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करून पाहावा.

हमखास बिघडणारं: कोरड्या, गरम हवेत पाण्याची शाई दहाएक मिनिटांत सुकते, मग रेघ उमटतच नाही. शाई थोडी-थोडी घ्या आणि फवाऱ्याने शीटवर अगदी हलका ओलावा द्या. नाव लिहिलं तर उलटं उमटतं, हे आधी सांगू नका. तो शोध मुलांना लावू द्या.

प्रत्येकाचे चार-पाच ठसे होतात. त्यातला एक निवडायचा आणि जाड कागदाच्या फोल्डरमध्ये ठेवायचा. फोल्डरवर मुलाने स्वतःला हवं ते नाव लिहावं. फोल्डर खोलीतच राहतं, घरी जात नाही; पुढच्या वेळी यायला ते एक निमित्त असतं. आवरणं हेही काम धरा आणि वाटून द्या. रोलर धुण्याचं काम बहुधा सगळ्यात चुळबुळ्या मुलाला आवडतं.

दुसरा ते चौथा आठवडा

दर तासाला एक नवं तंत्र, त्याच तासात पूर्ण होणारं. मोठ्या प्रकल्पाची घाई करू नका.

कात्री हा चांगला दुसरा टप्पा. फ्रेंच चित्रकार आँरी मातीस यांच्यावर १९४१ मध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर चित्राच्या घोडीसमोर उभं राहणं कठीण झालं, तेव्हा ते रंगवलेले कागद कात्रीने थेट कापून चित्रं करू लागले. "चित्र काढणं म्हणजे पेन्सिल" हा समज मोडायला एवढी माहिती आणि दोन-तीन छापील चित्रं पुरेत. पेन्सिलीने आधी आखायचं नाही एवढाच नियम. काळ्या कागदावर पांढरा खडू हाही असाच एका तासाचा प्रकार. अमेरिकन चित्रकार कीथ हेरिंग यांनी १९८० नंतरची काही वर्षं न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे स्थानकांत, जाहिरातींच्या रिकाम्या फलकांवर लावलेल्या काळ्या कागदांवर खडूने अशी झपाट्याने चित्रं काढली होती. प्रत्येक चित्राला तीन मिनिटं द्या आणि घड्याळ लावा.

स्टेन्सिल, म्हणजे कापलेल्या आकारातून खाली रंग उतरवणं, मुलांना फार आवडतं, पण अक्षरं कापताना सगळे एकाच ठिकाणी अडतात. व, ब, क, भ यांची पोटं कापली की गळून पडतात. पोटाला बाहेरच्या कागदाशी जोडणारा चार-पाच मिलिमीटरचा पूल ठेवावा लागतो. शिरोरेषा सलग कापली तर अख्खा कागद लोंबतो, म्हणून दर अक्षरानंतर तिथेही पूल ठेवा. रंग ब्रशने नको, स्पंजने, जवळजवळ कोरड्या. ओला स्पंज टेकवला की रंग कडेखाली शिरतो. फवाऱ्याच्या रंगाचे डबे बंद खोलीत अजिबात नकोत.

मोबाइलवरचं स्टॉप-मोशन (एकेक फोटो जोडून केलेली हलती चित्रफीत) एका तासात होतं आणि एरवी एकमेकांकडे न बघणाऱ्या दोघांना एका टेबलावर आणतं. एक जण कागदाचा तुकडा सरकवतो, दुसरा फोटो घेतो. दहा फोटोंनी अदलाबदल. सेकंदाला १२ फोटो धरले तर पाच सेकंदांना ६० लागतात, एवढंच ध्येय ठेवा. मोबाइल हातात धरू देऊ नका, टेबलाच्या वर टेपने पक्का बसवा आणि फोकस व प्रकाश लॉक करा, नाहीतर चित्रफीत लुकलुकते. मुलांचे चेहरे त्यात येणार नाहीत हे पाहा.

पाचव्या आठवड्यापासून: एक लांबलचक काम

आता असं काम हवं की जे एका तासात संपत नाही. लिनोकट, म्हणजे लिनो कोरून त्यावरून ठसा काढणं, यासाठी उत्तम, कारण त्यात मागे जाता येत नाही आणि पुढे काय होणार हे ठसा काढेपर्यंत कळत नाही.

आधी ६ × ८ सेंमीची तीन छोटी रेखाटनं, फक्त काळं आणि पांढरं, जाड मार्करने. करडी छटा मना. विषय मुलाचा. त्यातलं एक निवडून १५ × २० सेंमीपर्यंत मोठं करायचं, म्हणजे अडीच पट; चौकटी आखून. ते ट्रेसिंग पेपरवर ६बी पेन्सिलीने गिरवा, कागद पालथा करून लिनोवर ठेवा आणि पाठीवर चमचा घासा. चित्र लिनोवर उलटं उतरतं, म्हणून ठशात सुलटं येतं. अक्षरं असतील तर हा टप्पा स्वतः तपासा. दोन आठवडे कोरल्यावर नाव उलटं आहे हे कळलं तर मूल परत येणार नाही. लिनोवर चित्र उतरवण्याआधी पातळ रंगाचा हात फिरवून वाळू द्या. कोरलेला भाग लगेच वेगळा दिसतो.

गार लिनो कडक असतो, तुटतो, आणि कटर घसरतो. गरम पाण्याच्या पिशवीवर पाच मिनिटं ठेवला की मऊ होतो. बेंचहुक टेबलाच्या कडेला अडकवा, लिनो त्याला टेकवा. दोन्ही हात पात्याच्या मागे. रिकामा हात कधीही पात्याच्या पुढे नको. हे वाक्य दर तासाला म्हणा. पातं तिरकं, जवळजवळ आडवं धरायचं आणि दीड-दोन मिलिमीटरहून खोल जायचं नाही. लिनो साधारण ३.२ मिमी जाड असतो. खाली तागाचं कापड दिसू लागलं म्हणजे फार खोल गेलं. गोलाई कोरताना हात वळवायचा नाही, लिनो फिरवायचा. बोथट पातं धारदार पात्यापेक्षा धोक्याचं, कारण जोर लावावा लागतो. पाती बदलायला कंजुषी नको.

कटर एका फळीवर टांगा आणि प्रत्येकाची बाह्यरेषा फळीवर काढून ठेवा. कोणती जागा रिकामी आहे ते दुरून दिसतं. तास संपायच्या १५ मिनिटं आधी, आवरायला लागण्यापूर्वी, सगळ्या जागा भरलेल्या हव्यात. गटात स्वतःला इजा करून घेणारं मूल असेल, तर कटर वापरायचे की नाही हे समुपदेशकांसोबत आधीच ठरवा. वापरायचे नाहीत असं ठरलं, तर त्या एका मुलाला वगळू नका. पूर्ण गटालाच छपाईच्या फोम शीटवर बॉलपेनने दाबून ठसे करायला द्या. कारण सांगायची गरज नाही.

सहाव्या-सातव्या आठवड्यात सगळं रटाळ होतं. नवलाई संपलेली असते, ठसा अजून दूर असतो, आणि "हे सोडून दुसरं करतो" सुरू होतं. या दोन आठवड्यांसाठीच बाकीचे दहा असतात. नवा तुकडा देऊ नका. त्याऐवजी लिनोवर पातळ कागद ठेवून त्यावर मेणखडू आडवा घासायला सांगा. कोरलेलं कसं दिसणार याची झलक मिळते, आणि बहुतेक मुलं स्वतःच "इथे अजून काढायला हवं" म्हणतात. कटर घसरून नको तिथे चर गेला, तर तीन वाटा दाखवा: त्याच्याच बाजूला आणखी चर काढून त्याचा पोत करायचा, चित्राचा दुसरा भागही तसाच कोरायचा, किंवा ती कड कापून ठसा लहान करायचा. निवड मुलाची. लिनो खरोखरच दुभंगला तरच जादा चारांतला एक काढा.

छापताना जाड एका थरापेक्षा पातळ तीन-चार थर. जाड थराने बारीक चर बुजतात. कागद ठेवून चमच्याच्या पाठीने तीन-चार मिनिटं गोल-गोल घासा, कोपरा उचलून पाहा. कोरा लिनो शाई पितो म्हणून पहिला ठसा फिकाच येतो. हे मात्र आधी सांगा, नाहीतर पाच आठवड्यांचं काम तिथेच कचऱ्यात जातं. प्रत्येकाचे पाच ठसे, खाली पेन्सिलीने १/५, २/५ असे आकडे आणि सही.

काय बोलावं, कुठे गप्प बसावं

"वा, छान!" हे या मुलांना तोंडदेखलं वाटतं, आणि बहुतेकदा असतंही. त्यापेक्षा जे दिसतं ते बोला: "इथे रेघ जाड झालीय", "हा कोपरा तू मोकळा ठेवलास". मग थांबा. प्रश्न विचारायचाच तर "हे काय आहे?" ऐवजी "सुरुवात कुठून केलीस?" हा विचारा, याचं उत्तर देता येतं. मुलाच्या कागदावर आपला हात चालवू नका, कितीही विनवण्या केल्या तरी. वेगळ्या कागदावर करून दाखवा.

काम न करता बसून राहणाऱ्याला बसू द्या. पहिले दोन तास कुणी नुसतं बघितलं तरी चालतं. त्याला शाई ओतायचं, ठसे वाळत घालायचं काम द्या. हात शाईला लागले की पुढचं आपोआप होतं. काम टराटरा फाडणाऱ्याला त्या क्षणी समजावू नका. तुकडे गोळा करून त्याच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि पुढच्या आठवड्यात कोलाजसाठी (तुकडे चिकटवून चित्र करायला) समोर ठेवा, भाष्य न करता.

शिव्या, टोळ्यांच्या खुणा, कुणाची बदनामी: हे भिंतीवर लागणार नाही एवढा नियम पहिल्या दिवशी सांगितलेला असावा, आणि तो सगळ्यांना सारखा. हिंसक चित्रं मात्र वेगळी बाब. रक्त, हत्यारं, कवट्या या वयात सर्रास येतात. दर वेळी घाबरून जाण्याचं कारण नाही. चित्रावरून मनाचे निष्कर्ष काढू नका, काळा रंग म्हणजे नैराश्य असले ठोकताळे तर मुळीच नकोत. पण मुलाने बोलता-बोलता घरी होणाऱ्या मारहाणीचं किंवा जीव नकोसा झाल्याचं काही सांगितलं, तर काम थांबवून ऐका, खोदून विचारू नका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. त्याचेच शब्द जसेच्या तसे लिहून त्याच दिवशी ठरलेल्या व्यक्तीकडे पोचवा.

नोंद ठेवायची ती चित्राची नाही. दर तासाला प्रत्येकामागे चार गोष्टी पुरतात: आला का, काम सुरू करायला किती मिनिटं लागली, बिघडल्यावर परत कामाला लागला का, आणि आपण होऊन मदत मागितली का. बारा आठवड्यांनी शाळेला दाखवायला याहून भक्कम काही नसतं. गुण, तारे, "आठवड्याचा चित्रकार" यांतलं काहीही नको.

प्रदर्शन

दहाव्या-अकराव्या आठवड्यात. प्रत्येक मुलाला तीन पर्याय द्या: नावासह, टोपणनावाने, किंवा लावायचंच नाही. तिसराही मनापासून मान्य असायला हवा. मुलाची संमती आणि पालकांची परवानगी, दोन्ही घ्या. ठशाभोवती तिन्ही बाजूंना पाच सेंमी आणि खाली सहा सेंमी कोरी जागा सोडून माउंट करा, चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर येईल असं लावा, सगळी एका रांगेत. "अडचणीत असलेल्या मुलांची चित्रं" असलं शीर्षक चुकूनही नको. पाहुणे थोडेच बोलवा: प्रत्येक मुलाने निवडलेलं एक माणूस. ते अनेकदा शाळेचे शिपाई किंवा ग्रंथपाल असतात, आणि ते योग्यच आहे.

परत वर्गाकडे

हा भाग शेवटी उरकायला ठेवला की मूल चित्रांच्या दिवशी तेवढं शाळेत येतं आणि बाकीचे दिवस पूर्वीसारखेच जातात. चौथ्या आठवड्यापासून एका विषयशिक्षकाला खोलीत बोलवायला लागा. अट एकच: त्यांनी एप्रन घालून ठसा काढायचा. गणिताच्या सरांचा ठसा काळाठिक्कर येतो आणि एखादी मुलगी त्यांना "सर, आधी पेपर टेकवून शाई काढा" म्हणते, तेव्हा त्या दोघांमधलं नातं थोडं हलतं.

मग काम वर्गात न्या. चौकटी आखून अडीच पट मोठं करणं हे गुणोत्तर आहे: लांबी अडीच पट, क्षेत्रफळ सव्वासहा पट. ते गणिताच्या तासात त्याच रेखाटनावर करता येतं. प्रदर्शनातली ४० शब्दांची चिठ्ठी भाषेच्या तासात लिहिता येते. लिहिणं जड जात असेल तर आधी बोलून रेकॉर्ड करायची, मग उतरवायची. विज्ञानाच्या तासाला सायनोटाइप घ्या, इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली निळी छपाई. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम दुसऱ्या १०० मिलीत. वापरायच्या वेळी समप्रमाणात मिसळायचं. द्रावणं मोठ्यांनीच तयार करावीत, हातमोजे घालून, आणि आम्लाजवळ नेऊ नयेत. मंद उजेडात कागदावर लावून अंधारात वाळवा. वर पानं ठेवून उन्हात पाच ते पंधरा मिनिटं ठेवा, मग पिवळेपणा जाईपर्यंत साध्या पाण्यात धुवा. रंग न बसता धुऊन गेला तर ऊन कमी पडलं. पांढरी जागाही निळसर झाली तर कागदाला आधीच उजेड लागला होता. या तासाला तुमच्या गटातली मुलं मदतनीस असावीत. दुसऱ्यांना रोलर किंवा ब्रश दाखवणारं मूल त्या वर्गात वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

शेवटच्या तीन आठवड्यांत तुमचा वेळ हळूहळू कमी करा: ९० मिनिटं, मग ६०, मग ४५, आणि उरलेला वेळ नेहमीच्या वर्गात. किती आठवडे उरलेत हे नवव्या आठवड्यापासून दर वेळी सांगा. "आता सुधारलाय, बंद करू या" असं शाळा मधेच म्हणू लागते. तेव्हा लेखी ठरलेलं काढून दाखवा. शेवटच्या दिवशी लिनो, पाचांपैकी चार ठसे आणि फोल्डर मुलाला द्या. एक ठसा त्याच्या परवानगीने खोलीत ठेवा.

नंतर तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात एकेक तास भरवा, त्याच खोलीत, त्याच वेळी. नवीन तंत्र नको, मुलाकडच्या जुन्याच लिनोवर दुसऱ्या रंगात छपाई. आणि पुढचा गट सुरू होईल तेव्हा जुन्या गटातल्या एकाला रोलर दाखवायला बोलवा. मधल्या काळातल्या हजेरीची अट त्याला घालू नका. वेळेवर ये आणि एप्रन आण, एवढंच सांगा.